मुलाच्या वाट्याचे बोलणे

ज्या मुलांना ऐकू येत नाही, ज्यांना शब्द सुचतो पण जिभेवर येत नाही, किंवा ज्यांना समोरच्या माणसाकडे मुळात वळावेसेच वाटत नाही, अशा मुलांना इतरांशी बोलण्याची वाट काढून देणे हा आयुष्यभराचा व्यवसाय होऊ शकतो, ही कल्पना महाराष्ट्रात फार जुनी नाही. आणि अशा व्यवसायात तीस-पस्तीस वर्षे काढणाऱ्यांना त्यातून नेमके कोणते समाधान मिळते, याचा विचार तर क्वचितच गांभीर्याने झाला आहे. मुकाट राहिलेल्या मुलाच्या तोंडून एके दिवशी 'आई' ही हाक निघते आणि त्या क्षणी शिकवणाऱ्याच्या साऱ्या कष्टांचे चीज होते, अशी याविषयीची रूढ समजूत आहे. ही समजूत हृद्य असली तरी व्यवसायाच्या दृष्टीने ती घातक आहे, असे प्रस्तुत व्याख्यानाचे प्रतिपादन आहे. एक तर असा क्षण पुष्कळ मुलांच्या बाबतीत कधीच येत नाही. आणि जेव्हा येतो तेव्हा तो बहुधा घरी, स्वयंपाकघरात किंवा जिन्यात, आईच्या किंवा आजीच्या समोर येतो, उपचार करणारी व्यक्ती तेथे नसतेच. ज्या फळाच्या वेळी आपण हजर नसणार त्याच फळावर जी माणसे आपले समाधान टांगून ठेवतात, ती पाच-सात वर्षांत थकतात आणि दुसरे काही शोधू लागतात.

येथे तीन संज्ञा वेगळ्या करून घेणे आवश्यक आहे. वाचा म्हणजे श्वास, स्वरयंत्र, टाळू, जीभ आणि ओठ यांच्या मेळातून निघणारा उच्चार. भाषा म्हणजे शब्द आणि ते जोडण्याचे नियम यांची मनातली व्यवस्था. आणि संवाद म्हणजे आपल्या मनातले दुसऱ्याच्या मनापर्यंत पोहोचवणे व त्याचे आपल्यापर्यंत येऊ देणे, मग ते बोलून असो, हातवाऱ्यांनी असो, चित्राकडे बोट दाखवून असो की नजरेने. सामान्य वाढीत ही तिन्ही इतकी बरोबरीने येतात की त्यांच्यातला फरक जाणवत नाही, पण अडचण आली की ती सुटी होतात. दुभंगलेल्या टाळूच्या मुलाला सगळे समजते, ते सगळे सांगू पाहते, पण नाकातून निघणाऱ्या त्याच्या उच्चारांमुळे परक्याला काही कळत नाही. स्वमग्न म्हणून ओळखले जाणारे एखादे मूल दूरदर्शनवरच्या जाहिराती स्वच्छ उच्चारात म्हणून दाखवते, मात्र तहान लागली असता पाणी मागत नाही. आणि खुणांच्या भाषेत वाढलेले बहिरे मूल एकही ध्वनी न काढता भांडते, गोष्ट सांगते, चेष्टा करते. पहिल्याची वाचा अडलेली आहे, दुसऱ्याचा संवाद अडलेला आहे, तिसऱ्याचे काहीच अडलेले नाही; त्याच्या आसपासच्यांचे अडलेले आहे.

घरात या अडचणीची दखल उशिरा घेतली जाते, यात नवल नाही. बाळगुटीत वेखंड उगाळून दिले की वाणी स्वच्छ होते, बापही चार वर्षांचा होईपर्यंत बोलला नव्हता, मुलगे उशिराच बोलतात, जीभ जड आहे ती आपोआप सुटेल, अशी वाक्ये मराठी घरांत पिढ्यान् पिढ्या ऐकू येतात, आणि ती धीर देणारी असल्यामुळे कोणाला खोटी ठरवावीशी वाटत नाहीत. उशिरा बोलणाऱ्या मुलांपैकी काही मुले पुढे खरोखरच इतरांना गाठतात. परंतु कोणती गाठतील आणि कोणती मागे राहतील हे केवळ वाट पाहून ठरवता येत नाही, आणि कानाच्या बाबतीत तर वाट पाहणे फार महाग पडते. मेंदूचा ऐकण्याचा भाग आयुष्याच्या पहिल्या तीन वर्षांत मिळणाऱ्या ध्वनींवर घडत जातो. म्हणूनच जन्मल्यापासून एका महिन्यात कानाची चाळणी, तीन महिन्यांत निदान आणि सहा महिन्यांत उपचारांना आरंभ, असे एक वेळापत्रक जगभर आदर्श मानले जाते. चाळणीची चाचणी सोपी असते. कानात हलका आवाज सोडला की निरोगी अंतर्कर्णातून एक अतिसूक्ष्म प्रतिध्वनी परत येतो आणि यंत्र तो टिपते. तो न मिळाल्यास 'बेरा' नावाची चाचणी होते, जिच्यात झोपलेल्या बाळाच्या डोक्याला इलेक्ट्रोड लावून आवाजाला मज्जामार्गाने दिलेला विद्युत्-प्रतिसाद मोजला जातो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ 2013 साली महाराष्ट्रात, पालघर येथे झाला, आणि अंगणवाड्या व शाळांमधून मुलांची अशी तपासणी करणे हे त्या कार्यक्रमाचे एक अंग आहे. केंद्र शासनाच्या 2014 मध्ये सुधारलेल्या योजनेनुसार पाच वर्षांखालील बहिऱ्या मुलांना कॉक्लियर इम्प्लांटसाठी, म्हणजे अंतर्कर्णातील शंखाकृती भागात बसवायच्या विद्युत्-साधनासाठी, सहा लाख रुपयांपर्यंत साहाय्य ठरले. मात्र शस्त्रक्रियेने मुलाला आवाज मिळतो, अर्थ मिळत नाही. कुकरची शिट्टी, दाराची कडी आणि स्वतःचे नाव यांत फरक करायला ते मूल पुढची काही वर्षे शिकत असते, आणि या व्यवसायाचे खरे काम तेथे सुरू होते.

व्यवसाय म्हणून हे काम नवे असले तरी मुंबईत त्याचा इतिहास मोठा आहे. माझगाव येथे 1880 च्या दशकात बिशप लिओ म्यूरिन यांच्या पुढाकाराने बहिऱ्या मुलांची शाळा निघाली, ती भारतातील अशा प्रकारची पहिली शाळा मानली जाते. तिच्या थोडे आधी, 1880 साली, इटलीतील मिलान शहरात बहिऱ्यांच्या शिक्षकांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली आणि शाळांतून खुणांची भाषा काढून टाकून केवळ तोंडी बोलणे शिकवावे, असा ठराव तिने केला. त्या ठरावाची छाया शंभर वर्षे जगभरच्या वर्गांवर पडली आणि भारतातील शाळाही तिच्यातून सुटल्या नाहीत. मुलांना गळ्यावर हात ठेवून कंप जाणवायला लावणे, आरशासमोर ओठांचे आकार गिरवायला लावणे, 'प' आणि 'ब' यांतला फरक महिनोन् महिने घोटून घेणे, असे ते शिक्षण होते. हातांनी बोललेले चालत नसे. या परंपरेतले शिक्षक कष्टाळू होते, मुलांवर त्यांचे प्रेम होते, आणि निवृत्त होताना आपण कृतार्थ झालो असे त्यांना वाटलेही असेल. परंतु 2010 साली कॅनडातील व्हँकूवर येथे भरलेल्या त्याच परंपरेच्या परिषदेने मिलानच्या ठरावाबद्दल जाहीर खेद व्यक्त केला. या इतिहासाचा निष्कर्ष अप्रिय आहे, पण टाळता येत नाही. काम करणाऱ्याला मिळणारे समाधान हा ते काम योग्य असल्याचा पुरावा होऊ शकत नाही. मोजपट्टी चुकीची असली तरी तिच्यावर उत्तम गुण मिळवता येतात, आणि शुद्ध उच्चार हीच मोजपट्टी धरलेल्या पिढ्यांनी तसे गुण मिळवले. त्या काळात किती मुले एकमेकांशी बोलायची राहिली, याचा हिशेब मात्र मांडला गेला नाही.

व्यवसाय म्हणून या क्षेत्राला रूप आले ते 1960 च्या दशकाच्या मध्यास, जेव्हा म्हैसूरची अखिल भारतीय संस्था आणि मुंबईचे नायर रुग्णालय येथे वाचा व श्रवण यांचे पदवीशिक्षण सुरू झाले. पुढे 1983 साली वांद्रे येथे अली यावर जंग यांच्या नावाची श्रवणविषयक राष्ट्रीय संस्था स्थापन झाली, आणि 1992 च्या कायद्याने भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी केल्याशिवाय हा व्यवसाय करता येणार नाही, असे ठरले. आज बारावीनंतर चार वर्षांचा अभ्यासक्रम असतो, त्यातले शेवटचे वर्ष प्रत्यक्ष कामाचे. कायद्याची दृष्टी मात्र मंद गतीने रुंदावली. 1995 च्या अपंग व्यक्ती कायद्यातील सात प्रकारांत बोलण्याच्या अडचणीला स्वतंत्र जागा नव्हती, ती 2016 च्या कायद्यातील एकवीस प्रकारांत मिळाली.

परंतु मोजपट्टी बदलण्याचे श्रेय कायद्यापेक्षा काही जिद्दी माणसांकडे जाते, आणि त्यांतल्या दोघींचे काम मुंबईचेच आहे. मेंदूच्या पक्षाघातासह जन्मलेल्या मुलांसाठी मिठू अलूर यांनी 1972 साली मुंबईत स्पास्टिक्स सोसायटीची शाळा काढली. या आजारात मेंदूकडून स्नायूंना जाणाऱ्या आज्ञा विस्कळीत होतात, त्यामुळे हातपायांबरोबर जीभ आणि ओठही ताब्यात राहत नाहीत, मात्र बुद्धीला बाध येतोच असे नाही. अलूर यांच्या कन्या मालिनी चिब यांची अवस्था हीच होती. अनोळखी माणसाला त्यांचे बोलणे कळणे कठीण. पण एका बोटाने टंकलेखन करत त्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातून पदवीधर झाल्या, पुढे लंडनमध्ये त्यांनी पदव्युत्तर शिक्षण घेतले आणि 'वन लिटल फिंगर' हे आत्मचरित्र लिहिले. त्यांच्या जिभेवर आणखी वीस वर्षे मेहनत घेतली असती तर उच्चार थोडे सुधारले असते. ते पुस्तक त्या बोटाने लिहिले गेले, आणि बोटावर विश्वास ठेवण्याचा निर्णय कोणीतरी वेळेवर घेतला होता.

दुसरे उदाहरण त्याहून कठीण वाटेचे आहे. 1977 साली बेरोज वाच्छा यांनी मुंबईत हेलन केलर यांच्या नावाने बहिऱ्या आणि बहिऱ्या-अंध मुलांसाठी संस्था सुरू केली. ज्या मुलाला दिसतही नाही आणि ऐकूही येत नाही, त्याच्यासाठी जग म्हणजे अचानक अंगाला लागणाऱ्या गोष्टींची मालिका असते. पाणी अंगावर का पडले, घास तोंडात कोठून आला, कोण उचलून घेऊन चालले, यांपैकी काहीही त्याला आधी कळत नाही. अशा मुलाबरोबर काम करणारी शिक्षिका पहिले कित्येक महिने शब्द शिकवत नाही. ती जेवणाआधी त्याच्या हातात रोज तोच चमचा देते, आंघोळीआधी तोच तांब्या देते, आणि आपण कोण आहोत हे कळावे म्हणून रोज आपल्या हातातले तेच कडे त्याला चाचपू देते. एके दिवशी मूल चमच्याला हात लागताच तोंड उघडते किंवा, अधिक चांगले म्हणजे, चमचा दूर फेकते. या फेकण्याला ते काम जाणणारी माणसे फार मोठी प्रगती मानतात, कारण पुढे काय होणार हे मुलाला कळलेले असते आणि त्याविषयी त्याला मत असते. बाहेरच्या पाहुण्याला या प्रसंगात फक्त एक हट्टी मूल दिसते. या व्यवसायातले समाधान ज्याला हवे आहे त्याला असे क्षण ओळखता येणे, आणि ते टाळ्या वाजवण्याजोगे नाहीत हे चालवून घेणे, शिकावेच लागते.

बोलण्याला पर्याय किंवा जोड देणाऱ्या साधनांना पूरक आणि पर्यायी संवादसाधने म्हणतात. त्यांत जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेल्या चित्रांपासून टॅब्लेटपर्यंत सारे येते. पवईच्या आयआयटीतील आयडीसी या संरचनाविद्येच्या विभागात रवी पूवय्या, अजंता सेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'जेलो' हे मोफत साधन तयार केले, ज्यात मूल चित्राला स्पर्श करते आणि यंत्र त्याच्या वतीने बोलते, मराठीतूनही बोलते. त्याच्या रचनेत एक शहाणपण आहे. खाणे, खेळ, माणसे अशा वस्तूंच्या चित्रांशेजारी आवडते, आवडत नाही, हो, नाही, अजून, कमी या अर्थाची बटणे कायम असतात, म्हणजे मुलाला केवळ वस्तूंची नावे सांगता येतात असे नाही, त्यांच्याविषयी बोलता येते. अशा साधनांची सवय लागली तर मूल बोलायचेच थांबेल, अशी भीती जवळजवळ प्रत्येक पालकाला वाटते आणि काही जुन्या डॉक्टरांनाही वाटते. या विषयावरच्या संशोधनातून तशी हानी दिसत नाही, अनेक मुलांत तर उच्चारही वाढतात. पालकांना हे एकदा सांगून भागत नाही. तीच शंका सहा महिन्यांनी, एखाद्या लग्नात नातेवाइकांनी काही म्हटल्यावर, पुन्हा येते आणि तिला पहिल्याच वेळेइतक्या शांतपणे उत्तर द्यावे लागते.

मुंबईतल्या माहुलसारख्या वस्तीत हे काम आणखी गुंतागुंतीचे होते, आणि त्याच कारणाने अभ्यासकाला ते अधिक काही शिकवते. खाडीकाठचे जुने कोळीगाव, 1950 च्या दशकात त्याच्या शेजारी आलेले तेलशुद्धीकरण कारखाने, आणि अलीकडे शहराच्या नाना भागांतून उठवलेल्या कुटुंबांसाठी उभ्या राहिलेल्या बहुमजली इमारती, असा हा परिसर आहे. हवेच्या प्रदूषणामुळे या इमारतींत राहण्याची सक्ती कोणावर करता येणार नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने 2019 साली म्हटले. काही कुटुंबे गेली, काही राहिली. एकाच मजल्यावर मराठी, भोजपुरी, तमिळ आणि दखनी हिंदी बोलणारी घरे असतात, गावठाणात कोळी बोली असते, आणि शाळेत आणखी वेगळी भाषा. येथे तपासणीला बसणाऱ्या व्यक्तीपुढचा पहिला प्रश्न असा की, तिला ऐकू येणारी गोष्ट दोष आहे की केवळ वेगळेपणा. कोळीवाड्यातले चार वर्षांचे मूल 'पाणी' न म्हणता 'पानी' म्हणते, 'डोळा' न म्हणता 'डोला' म्हणते आणि 'होडी'ला 'होरी' म्हणते, तेव्हा ते आपल्या आजीसारखे अचूक बोलत असते. तेच मूल 'काका'ला 'ताता' आणि 'गाडी'ला 'दाडी' म्हणू लागले तर ती दखल घेण्याजोगी बाब आहे, कारण जिभेच्या मागच्या भागाने काढायचे ध्वनी ते पुढच्या भागाने काढते आहे आणि चौथ्या वर्षापर्यंत ही सवय सुटायला हवी होती. पुस्तकी मराठीच्या चाचणीवर दोन्ही गोष्टींना सारखाच शून्य गुण मिळतो. ज्यांनी चाचणी बनवली त्यांची आजी कोळीण नव्हती, एवढाच त्याचा अर्थ असतो.

भाषांच्या संख्येबाबतही असाच गोंधळ होतो. घरात तीन भाषा आहेत म्हणून मूल बोलत नाही, तेव्हा एकच भाषा ठेवा, शक्यतो शाळेची, असा सल्ला दवाखान्यांतून आणि शाळांतून आजही सर्रास दिला जातो. अनेक भाषा कानावर पडल्याने भाषेचा विकार होतो, याला अभ्यासाचा आधार नाही. उलट ज्या आईला इंग्रजी किंवा प्रमाण हिंदी येत नाही तिने ती बोलायचे ठरवले की ती मुलाशी बोलणेच कमी करते, आणि अंगाईपासून रागावण्यापर्यंतचे जे समृद्ध बोलणे तिच्यापाशी असते त्याला मूल मुकते. त्यात ही कुटुंबे उठवून आणलेली. पूर्वीच्या चाळीत दिवसभर मुलाशी बोलणारी मावशी, शेजारीण, दुकानदार मागे राहिले. मुलाच्या बोलण्याच्या उशिराचा विचार करताना या तुटलेल्या शेजाराला निदानपत्रावर रकाना नसतो.

येथे थोडे अंकगणित उपयोगी पडते. लहान मूल दिवसाला सुमारे बारा तास जागे असते, म्हणजे आठवड्याला 84 तास. आठवड्यातून दोनदा पाऊण-पाऊण तासाचे सत्र मिळाले, आणि सरकारी रुग्णालयांच्या गर्दीत तेवढे मिळणे हेच भाग्य, तर उपचार करणाऱ्याच्या वाट्याला त्यातला दीड तास येतो, दोन टक्क्यांहूनही कमी. माहुलहून वांद्र्याच्या संस्थेत जायचे तर बसने कुर्ला किंवा चेंबूर, मग हार्बरची गाडी, पुढे रिक्षा. धाकटे मूल कडेवर असलेल्या आईचा त्यात अर्धा दिवस जातो आणि घरकामाची तेवढी मजुरी बुडते. अशा स्थितीत जी तज्ज्ञ व्यक्ती आपले कौशल्य त्या दीड तासात कोंडून ठेवते, तिचे काम कितीही सफाईदार असो, ते मुलाच्या आयुष्यात विरघळून जाते. जी व्यक्ती उरलेल्या साडेब्याऐंशी तासांचा विचार करते, भाजी निवडताना कोणते चार शब्द पुन्हा पुन्हा यावेत, मुलाने काही मागण्याआधीच ते हातात न देता पाच सेकंद कसे थांबावे, अंगणवाडीत गाण्याच्या वेळी त्याला मधला एक शब्द कसा सोडून द्यावा, हे आईला, भावंडाला आणि अंगणवाडी सेविकेला करून दाखवते, तिचे काम तिच्या गैरहजेरीत चालू राहते. विकासात्मक बालरोगतज्ज्ञ विभा कृष्णमूर्ती यांनी 2001 साली मुंबईत सुरू केलेल्या 'उम्मीद' या केंद्राने उपचारांबरोबर वस्तीत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना तयार करण्याला जे महत्त्व दिले, त्यामागेही हाच विचार आहे. यात एक धोका मात्र आहे आणि त्याकडे व्यवसायातले लोक पुरेसे पाहत नाहीत. काम आईच्या हाती सोपवता सोपवता अपयशही तिच्याच पदरात टाकले जाते; 'घरी सराव घेत नाही' हा शेरा वहीत लिहिणे फार सोपे असते, आणि सकाळी पाण्याच्या रांगेत उभे राहून दिवसभर दुसऱ्यांच्या घरची भांडी घासणाऱ्या बाईबद्दल तो लिहिणे हा अन्याय असतो.

या व्यवसायाचे भौतिक चित्रही झाकून ठेवण्यात अर्थ नाही. वेतन माफक, अनेक पदे कंत्राटी, विशेष शाळांतील जागा वर्षानुवर्षे रिकाम्या, आणि काम करणाऱ्यांत बहुसंख्य स्त्रिया असल्यामुळे 'सेवाभाव' हा शब्द पगाराच्या जागी वापरण्याची समाजाची सवय. त्यागाच्या भाषेने कोणी आयुष्यभर टिकत नाही. टिकलेल्या लोकांत एक निराळा गुण दिसतो. त्यांचे कुतूहल संपत नाही. एकाच निदानाची दोन मुले त्यांना कधी सारखी वाटत नाहीत, आणि पन्नासाव्या वर्षीही एखादे मूल 'र' नेमका कोठे गाळते आणि कोठे गाळत नाही याचा ते डिटेक्टिव्हच्या चिकाटीने शोध घेतात. दुसरे असे की त्यांनी आपल्या समाधानाची जागा बदललेली असते. मूल आपण शिकवलेले वाक्य आपल्यासमोर म्हणते याचा त्यांना मर्यादितच आनंद होतो. ते मूल जेव्हा नको म्हणते, सत्राला यायला नकार देते, धाकट्या बहिणीची चुगली करते, पोट दुखते असे पहिले खोटे सांगते, किंवा बाईंची नक्कल करून वर्गाला हसवते, तेव्हा आपल्या वाट्याचे बोलणे मुलाने हातात घेतले असे त्यांना कळते. खोटे सांगायला दुसऱ्याच्या मनात काय आहे याची कल्पना असावी लागते, आणि ती कल्पना असणे म्हणजेच संवाद येणे. पालकांना ही बातमी आनंदाची म्हणून सांगणे अवघड जाते, हा भाग निराळा.

माहुलमध्ये उद्या अशा प्रशिक्षित तरुणीने काम करायचे ठरवले तर तिला आरंभी यंत्रांची फार गरज पडणार नाही. वस्तीतल्या अंगणवाड्यांत अर्धा दिवस बसून कोणते मूल हाक मारल्यावर वळत नाही आणि कोणते दोन वर्षांचे झाले तरी दोन शब्द जोडत नाही हे सेविकांबरोबर पाहणे, ज्यांचे कान तपासायचे त्यांना वांद्र्याला किंवा नायरला पाठवताना एकाच दिवशी पाच-सहा आया एकत्र जातील अशी व्यवस्था लावणे, कानाला मशीन लावलेल्या मुलांच्या बॅटऱ्या संपल्यावर त्या आणायला कोणाला पैसे पुरत नाहीत याची नोंद ठेवणे, आणि कोळी बोलीतले, भोजपुरीतले, तमिळमधले लहान मुलांचे पहिले पन्नास शब्द त्या त्या आजीकडून लिहून घेणे, एवढ्यात तिचे पहिले वर्ष जाईल. ती शब्दांची यादी अजून कोणत्याही चाचणीत नाही, आणि ती तयार करायला आजी हयात असणे गरजेचे आहे.